दिवाळीनंतर समुद्रकिनारी पाच दिवस, पण लोळण्यासाठी नव्हे: नागपूरहून नियोजन कसे करावे?

अंबाझरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

यंदा भाऊबीज आटोपली की पाच दिवस समुद्रावर जावे, असे घरात ठरले आहे. आम्ही सहा जण आहोत: मी व पत्नी (दोघेही चाळिशीतले), बारा वर्षांचा मुलगा, मेहुणा, त्याची पत्नी आणि सासूबाई. सासूबाईंचे वय ६६ असून गुडघे थोडे कुरकुरतात, पण रोजचे चालणे सुटलेले नाही. आम्ही चौघे मोठे अंबाझरीला धावतो आणि रविवारी गोरेवाड्याकडे सायकल घेऊन जातो. त्यामुळे खाटेवर पडून नारळपाणी पिण्याची सहल आम्हांला नको आहे. संध्याकाळी अंग दुखले पाहिजे आणि रात्री झोप लागली पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत: मालवण-तारकर्ली, विशाखापट्टणम आणि अंदमान. मालवणचा कच्चा आराखडा असा केला आहे. पहिल्या दिवशी पॅरासेलिंग, जेट स्की आणि बनाना राईड उरकावी. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, तिसऱ्या दिवशी दुपारी खाडीत कयाक, चौथ्या दिवशी सायकल आणि पाचव्या दिवशी सकाळी स्कूबा करून संध्याकाळच्या विमानाने गोव्याहून नागपूर. यात काय बसते आणि काय बसत नाही, हे जाणकारांनी सांगावे.

महालकर

मालवणचा एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? नागपुरातून समता एक्सप्रेस थेट विशाखापट्टणमला जाते, गाडी बदलण्याची कटकट नाही आणि शहर मोठे असल्याने हॉटेलांचा तुटवडा नाही. ऋषिकोंडा किनाऱ्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकन आहे, तिथे कयाक आणि स्कूबा दोन्ही होते. डोंगर थेट समुद्राला भिडलेले असल्यामुळे सायकलवाल्यांची हौसही फिटते, आणि जोडून अराकू खोरे पाहता येते. विदर्भाला खरा जवळचा समुद्र बंगालच्या उपसागराचाच आहे, पण आपल्या माणसाला ‘समुद्र’ म्हटले की कोकणच आठवते.

मूळची वेंगुर्ल्याची

महालकर काका, विशाखापट्टणम सुंदर आहे याबद्दल वाद नाही, पण दादांनी तारीख भाऊबीजेनंतरची सांगितली आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातला चक्रीवादळांचा काळ असतो. २०१४ साली हुदहुद १२ ऑक्टोबरला त्याच शहरावर येऊन आदळले होते. दरवर्षी तसे होईल असे नाही, परंतु साधा कमी दाबाचा पट्टा तयार झाला तरी दोन-तीन दिवस बोटी बंद राहतात, आणि पाच दिवसांच्या सहलीतून तीन दिवस गेले तर उरते काय? शिवाय पूर्व किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी लाटा किनाऱ्याजवळच उंच फुटतात आणि पाणी चटकन खोल होते. बारा वर्षांच्या मुलाला तिथे मोकळे सोडता येत नाही. तिकडे जायचे तर जानेवारी-फेब्रुवारीत जावे.

अंदमानला राधानगर किनारा आणि स्वराज द्वीपाभोवतीचे प्रवाळ यांना तोड नाही, हे मान्य. पण तिथे पोचण्यात आणि बेटाबेटांमधल्या बोटींत तुमचे दोन दिवस सहज जातील. त्यातून घड्याळ आपलेच असल्यामुळे नोव्हेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पहाटे उठणाऱ्यालाच तिथला दिवस पुरा मिळतो. अंदमानासाठी किमान आठवडा राखून ठेवावा, आणि पावसाचा जोर पूर्ण ओसरल्यावर म्हणजे डिसेंबरनंतर जावे.

राहता राहिले मालवण. ते या तारखांना योग्य आहे. पण तुमच्या आराखड्यात एक गोष्ट कुठेच दिसत नाही, ती म्हणजे भरती-ओहोटी. तुम्ही कामे आधी ठरवली आहेत आणि समुद्राने त्या वेळी तयार असावे, असे गृहीत धरले आहे. आमच्याकडे उलटे चालते. आधी तिथी पाहतात, मग वारा, आणि त्यानंतर होडी काढायची की नाही ते ठरते.

हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ येतो. हा आडाखा मुंबईकडे बराच जुळतो. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती त्याहून थोडी आधी येते, म्हणून अचूक वेळ छापील कोष्टकात किंवा मोबाइलवर पाहून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे, विशेषतः नंतरच्या एक-दोन दिवसांत, चढउतार सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत खाडीचा ओढ कमी असतो आणि तळाचा गाळही कमी ढवळला जातो, त्यामुळे कयाक आणि स्कूबा या दोन्हींना तेच दिवस बरे.

आता तुमचे नशीब पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला आणि भाऊबीज द्वितीयेला असते, म्हणजे तेव्हा उधाण असते. तुम्ही तृतीयेला किंवा चतुर्थीला नागपूर सोडले आणि कार्तिक शुद्ध षष्ठी ते दशमी मालवणात राहिलात, तर नेमके भांगाचे दिवस हाती लागतात. भाऊबीजेच्या रात्रीच गाडीत बसण्याची घाई करू नका. दोन दिवस उशिरा निघाल्यास गर्दीही ओसरलेली असेल.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. रात्रभर आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि समुद्र तेलासारखा सपाट असतो. ऊन चढले की जमीन तापते, समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि दुपारी पाण्यावर बारीक लाटांचा खडखडाट सुरू होतो. तुम्ही कयाक दुपारी ठेवला आहे. कर्ली खाडीत तो पहाटे उजाडल्याबरोबर ठेवा. अष्टमीला तेव्हा भरती नुकतीच उतरू लागलेली असते आणि कांदळवनातल्या अरुंद फाट्यांत शिरण्याइतके पाणी शिल्लक असते. ओहोटीचा ओढ सुरुवातीला नाममात्र असतो, तेवढ्यात ताज्या दंडाने आत वल्हवत जावे आणि थकल्यावर उतरत्या पाण्याबरोबर परत यावे. मात्र देवबागला खाडी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाशी ओहोटीच्या वेळी कयाक अजिबात नेऊ नका. भांग असला तरी तिथे पाण्याला जोर असतो आणि तो तुम्हांला सरळ बाहेर नेतो.

मतलई वाऱ्याबद्दल एक सावधगिरी. सपाट दिसणाऱ्या सकाळच्या समुद्रात हवा भरलेल्या गाद्या आणि चकत्या घेऊन मुलांना सोडू नये. वारा किनाऱ्याकडून वाहत असल्याने त्या आत सरकत जातात, आणि किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला ते बराच वेळ कळत नाही.

वर्धा रोडवासी

ताई, माहिती उत्तम आहे, पण सुटीला निघालेल्या माणसाने पंचांग आणि वाऱ्याची दिशा बघत बसायचे म्हणजे ऑफिसची बैठक समुद्रावर नेल्यासारखे झाले. आम्ही दरवेळी न ठरवता जातो, समोर दिसेल ती राईड करतो आणि मजेत परततो.

मूळची वेंगुर्ल्याची

राईड करायच्या असतील तर काहीच ठरवावे लागत नाही, कारण त्यात इंजिन काम करते आणि आपण बसतो. बनाना राईडमध्ये व्यायाम झालाच तर घशाचा होतो. दादांनी अंग दुखले पाहिजे असे लिहिले आहे, म्हणून मी स्वतःच्या हातापायांनी करायच्या गोष्टींबद्दल लिहिले. पॅरासेलिंगला माझा विरोध नाही. फक्त ती पहिल्या दिवसाची मुख्य गोष्ट नसावी.

धंतोलीचा डॉक्टर

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे आणि स्वतः डायव्हिंग करतो, म्हणून शेवटच्या दिवसापासून सुरुवात करतो. पाचव्या दिवशी सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी विमान, हे आराखड्यातून आजच काढून टाका. दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. एकच साधा डाइव्ह केला असेल तर उड्डाणापूर्वी किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग अनेक दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबावे, अशी डायव्हिंग वैद्यकातली सर्वमान्य शिफारस आहे. हौशी माणसाचा पहिला डाइव्ह उथळच असतो आणि प्रत्यक्ष धोका कमी असतो हे खरे, पण नियम कमी धोक्याच्या माणसालाही पाळता येण्याइतका सोपा आहे. परतीला रस्त्याने जाणार असाल तरी लक्षात ठेवा की आंबोली साधारण ७०० मीटर उंच आहे. घाट चढणे म्हणजेही उंचीवर जाणेच. स्कूबा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा म्हणजे प्रश्नच उरत नाही.

कानांबद्दल सविस्तर लिहितो, कारण मालवणहून परतलेले जे रुग्ण माझ्याकडे येतात ते जवळपास सगळे कानाचेच असतात. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. मात्र प्रमाणाने पाहिले तर सर्वांत मोठा बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो, आणि ‘मी कुठे खोल गेलो होतो?’ असे म्हणणाऱ्याचाच पडदा दुखावलेला आढळतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारायची आणि कानात हवा गेल्याचे जाणवले की खाली सरकायचे. ही क्रिया दुखू लागण्यापूर्वी करायची असते. दुखल्यानंतर जोर लावून फुंकू नये. थोडे वर यावे, कान मोकळे करावेत आणि मगच पुन्हा खाली जावे. नागपुरात घरी बसून दिवसातून काही वेळा ही क्रिया करून पाहा, दोन्ही कान उघडतात का ते आधीच कळेल. सर्दी असेल तर डाइव्ह करू नये, आणि नाक मोकळे करणारी गोळी घेऊन तर मुळीच करू नये. गोळीचा अंमल पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा सायनसमध्ये किंवा मध्यकर्णात अडकते.

दमा, अपस्मार, हृदयविकार, छातीची किंवा कानाची शस्त्रक्रिया, गर्भावस्था यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. डाइव्हपूर्वी आरोग्यविषयक प्रश्नांचा अर्ज भरून घेत नाहीत, तिथून उठून यावे. तुमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. बहुतेक प्रशिक्षण संस्था दहा वर्षे ही खालची मर्यादा धरतात, त्यामुळे वयाची अडचण नाही, पण त्याची स्वतःची इच्छा असली पाहिजे. आणि एक नियम त्याच्याकडून पाठ करून घ्या: पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर नाहीच.

उन्हाबद्दल एक नागपुरी गैरसमज. आपण ४५ अंश सोसतो म्हणून कोकणचे ३३ अंश आपल्याला काय करणार, असे वाटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने घाम लगेच सुकतो आणि शरीर थंड होते. किनाऱ्यावर हवेतच इतका ओलावा असतो की घाम नुसता ओघळतो, थंडावा देत नाही. धावणाऱ्यांनी पहिले दोन दिवस वेग मुद्दाम कमी ठेवावा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि ओआरएसची पाकिटे बरोबर ठेवावीत.

अंबाझरीकर (धागाकर्ता)

डॉक्टरसाहेब आणि ताई, दोघांचेही आभार. स्कूबा तिसऱ्या दिवसावर आणि कयाक पहाटेवर आणला आहे. आता पुढचा प्रश्न. आमच्यापैकी मी आणि मेहुणा पोहतो, पण तलावात. पत्नीला जेमतेम येते आणि मुलगा शिकतो आहे. पोहता येत नसले तरी चालते, असे स्कूबावाले सांगतात. निघायला अजून तीन महिने आहेत. तेवढ्यात काय करता येईल?

तलावातला मासा

मी मुलांना पोहायला शिकवतो, म्हणून लिहितो. प्रशिक्षक हात धरून नेतो त्या डाइव्हला पोहणे लागत नाही, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण पाण्यात चेहरा बुडाल्यावर ज्याचा श्वास अडकतो, त्याला त्या अर्ध्या तासात मासे दिसत नाहीत, फक्त स्वतःची धडधड ऐकू येते. तीन महिन्यांत पत्नीला चारही प्रकारचे पोहणे शिकवण्याच्या मागे लागू नका. तिने तीन गोष्टी कराव्यात. चेहरा पाण्यात ठेवून तोंडाने सावकाश बुडबुडे सोडणे, पाठीवर हातपाय पसरून निवांत तरंगणे, आणि पायाखाली जमीन नसताना उभ्याउभ्या पाय मारत काही मिनिटे राहणे. या जमल्या की स्कूबाची निम्मी भीती जाते. मुलालाही लांब अंतर कापण्याआधी हेच शिकवा. पावसाळ्यात पोहण्याच्या तलावांवर गर्दी कमी असते, ती संधी साधा. कयाकसाठी रामटेकजवळ खिंडसीला एखादी सकाळ काढा. होडीत बसून तोल सांभाळण्याची सवय स्थिर पाण्यातच लावून घ्यावी.

तुम्हां दोघा पोहणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. खारे पाणी शरीर उचलून धरते, त्यामुळे पहिल्याच दिवशी आत्मविश्वास दुप्पट होतो. तलावाला भिंत असते आणि समुद्राला ओढ असते. लाटा किनाऱ्याकडे आणतात ते पाणी कुठून तरी परत जाणारच. ते अनेकदा अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जाते. आजूबाजूला लाटा फुटत असताना मधेच जी शांत, गढूळ गल्ली दिसते, ती पोहायला सोयीची जागा वाटते आणि तोच ओढीचा पट्टा असतो. त्यात सापडल्यावर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट धरणारा दमतो आणि बुडतो. हा पट्टा माणसाला खाली खेचत नाही, फक्त दूर नेतो, म्हणून आधी तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडून मग वळावे. गोव्यात जीवरक्षक असतात आणि लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहण्यासाठी राखलेली असते. सिंधुदुर्गातल्या बहुतेक किनाऱ्यांवर तुम्ही आणि समुद्र एवढेच असता, म्हणून ज्यांच्याकडे उतराल त्या घरच्या माणसाला ‘इथे लोक कुठे पोहतात?’ असे विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

सदरचा सायकलवाला

सायकलींबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून धागा जरा जमिनीवर आणतो. मालवण, तारकर्ली, देवबाग हा रस्ता सपाट आहे. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी जमिनीची चिंचोळी पट्टी असल्यामुळे दृश्य अप्रतिम आहे, पण आम्हां गोरेवाडावाल्यांना ते अंतर नाश्त्यापुरतेच आहे. खरा दम काढायचा असेल तर उत्तरेला आचऱ्यावरून कुणकेश्वराकडे जा. तिथे कातळाचा सडा (उघडे खडकाळ पठार) आणि खाडी यांचा पाठशिवणीचा खेळ चालतो. प्रत्येक खाडीसाठी खाली उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचे. नकाशावर अंतर किरकोळ वाटते, पण नागपूरच्या सपाटीवर कमावलेल्या मांड्या तिसऱ्या चढाला बोलू लागतात. सड्यावर सावली नाही, त्यामुळे उजाडताना निघून ऊन चढण्याआधी कुणकेश्वराच्या देवळात पोचावे. परतीला सायकली टेम्पोत टाकल्या तरी कोणी हसणार नाही. आपल्या सायकली न्यायच्या झाल्यास रेल्वेच्या पार्सल कार्यालयात आधी चौकशी करा; नाहीतर मालवणात भाड्याने मिळतात का, हे उतरण्याचे ठिकाण ठरवतानाच विचारा.

धावणाऱ्यांसाठी एक सूचना. कोरड्या वाळूत अनवाणी धावण्याचा मोह पहिल्या दिवशी आवरा, कारण टाच आत रुतते आणि पोटरीवर व टाचेच्या वरच्या स्नायूबंधावर एकदम ताण येतो. ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूवर धावा. तिथेही किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एक पाय सतत खाली पडतो, म्हणून जितके एका दिशेने जाल तितकेच परत या.

प्रवासाबाबत. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी आठवड्यातून दोनच दिवस असते आणि कुडाळला थांबते. तिचा वार तुमच्या तिथीशी जुळला तर उत्तम. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर आहे. वार जुळला नाही तर रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून कोकण रेल्वेची गाडी धरावी लागेल. परतीला विमान घ्यायचेच असेल तर गोव्यात दोन विमानतळ आहेत, हे तिकीट काढताना नीट पाहा. मोपा उत्तरेला, सावंतवाडीच्या बाजूला आहे. दाबोळी घेतलात तर अख्खा उत्तर गोवा ओलांडावा लागतो.

खामल्याच्या काकू

सासूबाईंसाठी कोणी काही लिहिले नाही. मी त्यांच्याच वयाची आहे आणि तारकर्लीला जाऊन आले आहे. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी मागच्या माडांची सावली वाळूवर बराच वेळ टिकते. त्या वेळात ओल्या वाळूवरून सावकाश चालणे गुडघ्यांना सोसते. कोरड्या वाळूत मात्र पाऊल टाकू नये. किल्ल्यावर जाताना होडीत चढणे-उतरणे हाच अवघड भाग आहे, तिथे दोन्ही बाजूंनी हात द्यायला माणसे हवीत. आत गेल्यावर तट चढण्याचा आग्रह धरू नका. शिवराजेश्वराच्या मंदिरात जाऊन बसावे, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी पाहाव्यात. चारी बाजूंनी खारा समुद्र असताना आत गोडे पाणी आहे, हे आपल्या नातवाला दाखवायला त्यांना आवडेल. जेवणाचे म्हणाल तर आम्ही शाकाहारी असूनही काळ्या वाटाण्याची उसळ, घावन आणि सोलकढी यांवर मजेत राहिलो. फक्त सकाळीच सांगून ठेवावे लागते.

अंबाझरीकर (धागाकर्ता)

काकू, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. तट चढायचा की नाही, हे त्या तिथे जाऊन ठरवणार आहेत, एवढे त्यांनी कळवायला सांगितले आहे.

सुधारित आराखडा असा आहे. षष्ठीला दुपारी पोचून फक्त किनाऱ्यावर चालणे. सप्तमीला सकाळी ओल्या वाळूवर हलके धावणे आणि मग सर्वांनी मिळून किल्ला. अष्टमीला पहाटे कर्ली खाडीत कयाक, दुपारी विश्रांती. नवमीला सकाळी स्कूबा. दशमीला उजाडताना कुणकेश्वराची सायकल, त्या वेळी सासूबाई आणि मुलगा गाडीने तिथे येतील. एकादशीला परत. पॅरासेलिंग मुलाच्या आग्रहास्तव किल्ल्याच्या दिवशी ठेवले आहे. स्कूबावाला निवडताना काय पाहावे?

मूळची वेंगुर्ल्याची

क्रम चांगला बसला आहे. एकच बदल सुचवते: स्कूबासाठी नवमी धरा, पण दशमी राखीव ठेवा आणि सायकल त्यानुसार मागेपुढे करा. एखाद्या सकाळी पाणी गढूळ असते आणि त्या दिवशी उतरून फक्त हिरवा धूर दिसतो. खरे सांगायचे तर दिवाळीनंतर लगेच पाणी पूर्ण निवळलेले नसते, नद्यांचा गाळ बसायला वेळ लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत दिसते तेवढे स्वच्छ तुम्हांला दिसेलच असे नाही. भांग असल्यामुळे शक्यता वाढते, इतकेच. त्यामुळे पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका आणि पाणी खराब असल्यास दिवस बदलून मिळेल का, हे आधी विचारा.

निवडताना मी इतके विचारीन. पाण्याखाली एका माणसामागे एक प्रशिक्षक असेल का, की एकजण दोघांना धरून नेणार? त्याच्याकडे कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे, आणि ते दाखवता येईल का? किती खोल नेणार? हौशी पहिल्या डाइव्हला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि किल्ल्याजवळच्या डाइव्हला तेवढेही लागत नाही. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का? उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात सराव करून घेतात का, की फोटोची घाई असते? मेहुण्यांना नुसती चव न घेता रीतसर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करायचा असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पण त्याला सलग तीन-चार दिवस द्यावे लागतात, तेव्हा ते सायकलीला मुकतील.

किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. व्हिडिओत गर्दी दिसावी म्हणून काहीजण माशांना पाव किंवा बिस्किटे टाकतात. ते तुमच्यासाठी करू नका, असे आधीच सांगा. खडकावर किंवा प्रवाळावर पाय टेकू नये. अंगाला क्रीम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा, पटकन सुकणारा पोहण्याचा अंगरखा घ्या. सुती बनियन भिजले की जड होते आणि उन्हात पाठ भाजायची राहत नाही.

धंतोलीचा डॉक्टर

ताईंच्या यादीत भर घालतो. जेलीफिश लागल्यास ती जागा वाळूने घासू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवावा. श्वासाला त्रास किंवा चक्कर असेल तर थेट रुग्णालय गाठावे. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता तळ घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेला पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतो. आणि अष्टमीच्या रात्री मेहुण्यांबरोबर बैठक जमवण्याचा विचार असेल तर ती दशमीवर ढकला, नवमीच्या सकाळी तुम्हांला पाण्याखाली जायचे आहे.

सदरचा सायकलवाला

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि दिवाळीनंतरच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. विशेष गाडीची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे तुमच्या तारखेला ती आहे की नाही ते आधी तपासा आणि नसेल तर मुंबईमार्गे दोन्ही तिकिटे एकाच सकाळी काढा. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मागायला विसरू नका.

अंबाझरीकर (धागाकर्ता)

आरक्षण उघडते तो दिवस दिनदर्शिकेत लाल पेनाने खुणावला आहे. पत्नीने आजपासून तलावावर नाव नोंदवले. येत्या रविवारी खिंडसीला जाणार आहोत. कोणाला यायचे असल्यास कळवावे, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत.